आप्पांच्या कार्डावरची पुस्तकं

“दोन्ही आप्पांच्याच कार्डावर हायत,” काउंटरवरच्या अनुजानं पुस्तकं जमा करून घेत म्हटलं. “लय वाचायचे की ओ. फारसी, पोर्तुगीज, काय सोडलं न्हाई.”

आप्पा जाऊन तीन आठवडे झाले होते. त्यांची पुस्तकं परत करायला मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आले होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच हसले.

“फारसी? आप्पांना इंग्रजी पाटीसुद्धा अडखळत वाचावी लागायची.”

अनुजाचा हात थांबला. मागच्या काचेच्या केबिनचं दार उघडं होतं. ग्रंथपाल साहेब बाहेर आले.

“मग न्यायचे कशाला?”

साहेबांनी स्क्रीनवर थोडा वेळ पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, “श्रीपाल आप्पांच्या कार्डावरच्या नोंदी वगळा. रद्दीची यादी नव्यानं काढा.”

प्रिंटर सुरू झाला. थांबेचना.

पहिला कागद घेऊन ज्ञानूमामा संशोधन विभागाकडे निघाले. आप्पांबरोबर एकतीस वर्षं त्यांनी कपाटं लावली होती. मी मागोमाग गेले. त्यांच्या हातात लाल टिकल्यांचं पाकीट होतं.

“दहा वर्सांत कुणी घरी न्हेलं न्हाई, की टिकली,” ते म्हणाले. “टिकली लागली की रद्दी. सोमवारी टेम्पो येतोय.”

“आणि आप्पा?”

“रोज दोन न्ह्यायचा. दुसऱ्या दिवशी जमा, परत दोन. एकदा गगनबावड्यास्नं एक बाई आलती, जुन्या जमीन-मोजणीचं पुस्तक मागत. आदल्याच महिन्यात रद्दीत गेलतं. तुझा बाप तीन दिस कपाटं उपसत हुता. तवापास्नं हे.” त्यांनी एका पुस्तकाच्या पाठीवर टिकली चिकटवली. “तू कशाला बोललीस गं, अपूर्वा?”

आप्पा रोज संध्याकाळी कापडी पिशवी सायकलला अडकवून यायचे. ती टेबलावर ठेवायचे, सकाळी तशीच उचलायचे. उघडत का नाहीत, हे मी कधी विचारलं नाही. आमच्या घरी पुस्तकं रात्रीच्या वस्तीला येत होती.

मी काउंटरवर परतले.

“मी इथली माजी विद्यार्थिनी. माझं कार्ड होईल?”

“हुईल की. आज शनिवार, एकपर्यंत.” अनुजानं फॉर्म पुढं सरकवला. माझ्याकडे न पाहता म्हणाली, “यादीवर सही हुईस्तवर देता येतंय. पण माजींना दोनच मिळत्यात, ताई.”

“यादीत किती आहेत?”

“चारशे बारा.”

घड्याळात साडेबारा झाले होते. मी आत गेले. ज्ञानूमामा तिसऱ्या कपाटाशी पोचले होते. मला पाहून ते थांबले, बाजूला झाले. कपाटापुढं मी बराच वेळ उभी राहिले. एकाही पाठीवरची अक्षरं मला वाचता येत नव्हती.

शेवटी हाताला लागली ती दोन काढली आणि आप्पांच्या रिकाम्या पिशवीत ठेवली.

मी वळल्यावर मागं पुन्हा टिकली सोलल्याचा आवाज आला.