मिशी गमावलेली दाढी

मित्रांनो, नाटकाच्या पेटीत तळाशी पडलेली मी एक जुनी दाढी आहे. चिमूरचे मेकअपवाले अयूबभाई यांनी मला जाळीच्या कापडावर लोकरीच्या गाठी मारून तयार केले. तेव्हा मला झुपकेदार मिशीही होती. दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरली की नाटके रंगत, आणि माझा थाट काय विचारता! कधी राजाच्या हनुवटीवर, कधी दरोडेखोराच्या. टाळ्या पडल्या की त्या मलाच, असे मी खुशाल धरून चाले.

नव्वद सालानंतरची गोष्ट. ऐन हंगामात अयूबभाईंची सातवीतली नाहीद पेटीशी आली. शाळेच्या संमेलनात तिला अब्राहम लिंकन व्हायचे होते.

"अब्बा, हिची मिशी काहाडून द्या. लिंकनले दाढी होती, मिशी नोती."

"बिनमिशीची दाढी पाहून लोकं म्हनतीन, मौलवी आले! अन् मंग राजाले काय लावू?"

"फोटोत नाई तं नाई."

लेकीपुढे बापाचे काय चालते? कात्री चालली. संमेलनानंतर परत शिवायची म्हणून मिशी त्यांनी खिशात टाकली. मला भारी राग आला. पण त्याहून जास्त कुतूहल वाटले. हा कोण बुवा, ज्याच्यापायी माझी मिशी गेली?

दाढीला कान नसतात, पण ती कानांची शेजारीण असते. नाहीद पाठ करू लागली की मी ऐकत राही. लाकडी झोपडीतला जन्म, मागून आणलेली पुस्तके, वकिली, मग अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षपद. आणि दाढी? ती त्याने ठेवली एका अकरा वर्षांच्या मुलीने सुचवले म्हणून! हे ऐकून माझा निम्मा राग गेला.

संमेलनात नाहीद मांडवात आली आणि खरेच कुणीतरी म्हणाले, "मौलवी आले!" हशा पिकला. गुलामांच्या मुक्ततेपर्यंत पोरगी कशीबशी पोहोचली आणि गप्प झाली. तिची हनुवटी थरथरत होती, ते माझ्याइतके कुणाला कळणार?

तेव्हा पहिल्या रांगेतले मुखरूभाऊ उठले. एकही नाटक न चुकवणारे म्हातारे शेतकरी ते.

"हसून काय राह्यले बे? सांग पोरी, मंग त्या मानसाचं काय झालं?"

"त्याले गोळी घातली, भाऊ."

"कुठी?"

"नाटक पाहून राह्यला होता, तिथीच."

मांडवातला हशा विरला. नाटकवेडी माणसे ती, त्यांना हे कसे सोसावे?

"कोनं घातली?"

"एका नटानं."

विंगेतल्या अयूबभाईंनी मान खाली घातली. मला तर तोंड लपवावेसे वाटले. आमच्यातलाच कुणी!

"अन् नाटक?"

"अर्धंच राह्यलं, भाऊ."

मुखरूभाऊ खाली बसले. "तुयं तं पुरं कर, पोरी."

नाहीदने पुरे केले. युद्ध, मुक्त झालेले गुलाम, सारे सांगितले. कुणी हसले नाही.

अयूबभाईंनी मिशी परत शिवलीच नाही. राजासाठी दुसरी दाढी केली आणि मला लिंकनची म्हणून वेगळी ठेवली. आता माझी लोकर गळते आहे. मित्रांनो, मला उतरवताना ओढू नका, आधी गोंदावर थोडे तेल लावा. आणि मांडवात कुणी पोर अडखळले, तर हसू नका. पुढे काय झाले, एवढे विचारा.