लिंबाजीचा कोट

"वैनी, कोट आना की लवकर! नवरदेव घोड्यावर बसून राहिला!"

बँडचा मालक नरसिंग खोकतच आला. डोळे लालभडक, अंग तापानं फणफणलेलं. नागुबाईनं कोटावरची इस्त्री बाजूला ठेवली आणि त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. अस्संच! गेल्या वर्षी तिचा नवरा अगदी अस्साच उभा होता.

नांदेडच्या या बँडचा ट्रम्पेट म्हणजे तिचा लिंबाजी. फ्लूनं गळून गेलेला, छाती चोळत म्हणाला होता, "मालक, आज जमंना." नरसिंगनं सगळ्यांसमोर हसत ट्रम्पेटवाल्याचा हा जरीचा कोट त्याच्या अंगावर फेकला. "नुस्ती सर्दी हाय रे! फुक!" लिंबाजीनं वरातभर फुंकलं. मग जिना चढताना दम पुरेना, आणि आठवड्यात माणूसच गेला. डॉक्टर म्हणाले, फ्लूनं हृदयाला सूज आली होती; तापात आराम हवा होता.

तेव्हापासून बँडचे कोट धुताना नागुबाई एकच दिवस मागत होती. तो दिवस आज शिरूर अनंतपाळच्या मांडवात आपल्या पायांनी चालत आला होता! मालकाच्या पोरीचं, सुकन्याचं लग्न. या बँडची रीतच होती, आपल्या पोरीच्या वरातीत बापानं हा कोट घालून स्वतः ट्रम्पेट फुंकायचा.

"छातीत दुखून राहिलं जरा," नरसिंग हात पुढे करत पुटपुटला.

दे कोट, तिचं मन म्हणालं. फुंकू दे. पडू दे.

"नुस्ती सर्दी हाय, मालक!" ती खणखणीत बोलली. "फुका!"

ढोलवाल्याची टिपरी जागीच थांबली. ते शब्द साऱ्यांना पाठ होते. नरसिंगचा चेहरा उतरला. हळदीच्या हातांनी सुकन्या धावत आली.

"काय झालं, बाबा?"

"लिंबाजीला काय म्हनला व्हता, ते पोरीला सांगा. मंग कोट."

नरसिंगनं खाली बघत सांगितलं.

"मोठ्यानं!"

त्यानं पुन्हा सांगितलं. बापाच्या पाठीवरचा सुकन्याचा हात हळूच खाली आला. नरसिंगनं कोटाकडे हात नेला, तशी नागुबाई मागे सरली.

"न्हाई मिळनार. पोरी, ह्याला दवाखान्यात ने. जगू दे. ध्यानात ठिवायला जगू दे!"

वरात नुसत्या ढोलावर निघाली. नागुबाई उलट्या दिशेला, बसस्टँडकडे चालली. कोट तिच्या खांद्यावर होता, आणि त्याची रिकामी बाही तिनं हात धरावा तशी धरली होती.