खेळण्याला कार्ड लागत नाही

वादकांच्या संघटनेनं एझेल पेटवेला सभासदाचं कार्ड नाकारलं, तोवर त्याचा माउथ ऑर्गन ऐकून शिकागोच्या साऊथ साइडचे दोन नवरे घरी परतले होते आणि एक पळून गेला होता. तरी सचिव क्रेनशॉसाहेबांचं मत ठाम होतं. "हे वाद्य नव्हे, खेळणं आहे. दुकानात भोवऱ्यांशेजारी ठेवतात."

कार्ड नाही तर मंच नाही. शनिवारी व्हर्लीनबाईंच्या गुत्त्यात एझेल वाजवताना सापडला, तर सगळ्या बँडचीच कार्डं जाणार होती.

"अरे, गिटारवाला म्हणून नाव दे," ड्रमर रूफस म्हणाला. "नुसती गळ्यात अडकव. कोण बघतंय?"

"मिसिसिपीपासून हा बाजा तोंडात धरून आलोय. आता लाकडाची म्हैस गळ्यात बांधून मिरवू?"

शनिवारी तो तसाच मंचावर चढला. नेहमीप्रमाणे बाजा व्हिस्कीच्या मगात बुडवून ठेवला. आतलं लाकूड फुगलं की हवा गळत नाही. उरलेली व्हिस्कीही वाया जात नाही.

तेवढ्यात क्रेनशॉसाहेब तरातरा माइकपाशी आले. "वाद्य वाजवायचं तर कार्ड दाखव!"

"वाद्य कुठंय साहेब? खेळणं आहे. तुम्हीच म्हणालात."

"मग फुटपाथवर जाऊन खेळ!"

"मंचावर खेळणं आणू नये असा नियम दाखवा. आत्ता उतरतो."

हॉल हसला. साहेबांना नियम आठवेना. घसा कोरडा पडला. समोर मग होता, आणि फुकटच्या व्हिस्कीची चौकशी करायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती. त्यांनी मग तोंडाला लावला. तळातला बाजा घसरत येऊन दातांवर आदळला, साहेब दचकून फुंकले आणि माइकमधून हॉलभर सूर घुमला. ओला, रडका, पण सूरच.

"साहेब," काउंटरमागून व्हर्लीनबाई म्हणाल्या, "माउथ ऑर्गनचं कार्ड आहे ना तुमच्याकडं?"

"अहो, हे खेळणं आहे!"

"मग बाजूला व्हा. त्याची खेळायची वेळ झालीय."

"नाही बाई," एझेल म्हणाला. "खेळणं म्हणून नाही वाजवणार. साहेब, वाद्य म्हणा आणि कार्डावर माउथ ऑर्गन लिहा. तुम्ही विनाकार्ड वाजवलं नाहीत, माझी परीक्षा घेत होतात, असं आम्ही सगळे शपथेवर सांगू."

साहेबांनी हॉलकडं बघितलं. हॉलनं साहेबांकडं बघितलं. खिशातून कोरं कार्ड निघालं.

एझेलनं लिहिलेलं दोनदा वाचलं, बाजा शर्टाला पुसला.

"आणि साहेब, तुम्ही फुंकलात. आमचं ब्लूजचं गाणं फुंकून येत नाही, श्वास आत ओढावा लागतो."

आणि त्यानं तो असा ओढला, की दारापर्यंत पोचलेले साहेब परत फिरून बसले.