माझं पोट रिकामंच राहू द्या

मी सम्प बोलतोय. दचकू नका, इकडे खाली बघा, कपाटात! वर दिव्यांच्या झगमगाटात जी खाऱ्या पाण्याची टाकी मिरवतेय ना, तिच्या पायाशी अंधारात बसलेली काचेची पेटी म्हणजे मी. पाहुणे येतात, तिच्यासमोर "अहाहा!" करतात आणि चहा पिऊन जातात. माझं दार उघडायला कुणाला सवड आहे?

एके काळी मीही दिवाणखान्यात होतो बरं का! पोटात सोनेरी मासे होते. मग कोपऱ्याचा टवका उडाला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे जुन्या चपला आणि मोडकी छत्री सांभाळत धूळ खात पडलो.

मला खाली आणलं घरच्या डॉक्टरांनी. ते दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडातलं पाणी नळीनं ओढायचं आणि घरी येऊन माशांचं! त्यांनी माझ्या पोटात काचेच्या उभ्या पट्ट्या चिकटवून कप्पे केले. वरच्या टाकीचं पाणी नळीनं माझ्यात उतरतं, इथे त्यातला कचरा निघतो आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर ढकलतो. अशा खालच्या पेटीलाच म्हणतात सम्प. पंप थांबला, की वरचं जादा पाणी खाली येतं. त्यासाठी माझं निम्मं पोट रिकामं ठेवायचं. मला तर वाटायचं, हा शुद्ध अपमान आहे.

डॉक्टरांच्या पत्नी शिवणकाम करतात. गिऱ्हाइकांच्या कापडांचे गठ्ठे माझ्या कपाटाशेजारी जमिनीवरच असतात. पहिल्याच दिवशी त्यांनी नवऱ्याला बजावलं, "माझ्या कापडावर एक थेंब जरी आला, तर मासे दुकानात परत. मग तोंड पाडून बसायचं नाही!" डॉक्टरांनी झटकन मान हलवली. वरच्या टाकीतल्या केशरी पट्ट्यांच्या माशांच्या जोडीवर त्यांचा भारी जीव. आणि मासे गेले, की मी पुन्हा चपलांसोबत!

राहिल्या डॉक्टरांच्या आई. भरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एके दिवशी घरात त्या एकट्याच होत्या. सहज माझं दार उघडलं आणि कळवळल्या.

"अगंबाई! वरच्यांची चंगळ आणि हा बिचारा अर्धपोटी?"

झालं! तांब्यावर तांब्या ओतायला लागल्या. "आई, पुरे! अहो, पुरे!" मी जीव तोडून ओरडलो, पण काचेचं कोण ऐकतं? मला काठोकाठ भरून त्या समाधानानं फिरायला निघाल्या. निघताना, नेहमीच्या सवयीनं, दिसेल ते बटण बंद केलं. माझ्या पंपाचंही.

वरचं पाणी गपकन खाली उतरलं. मला आवरेना. कपाटाखालून धार लागली ती थेट गठ्ठ्यांकडे. आई चपला घालत होत्या, आवाज ऐकून तशाच धावल्या. गठ्ठे ओढून मांडीवर घेतले, तरी एक पांढरं कापड भिजलंच. तेवढ्यात सूनबाई दारात!

माझं पाणी पाणी झालं, अगदी शब्दशः.

"माशांना घालवू नकोस गं," आई रडवेल्या झाल्या. "मीच ओतलं. मला वाटलं, उपाशी आहे."

सूनबाईंनी निथळतं कापड उचललं, एकदा सासूबाईंकडे पाहिलं आणि खुदकन हसल्या. "माझ्या ताटात पण असंच वाढता तुम्ही! उठा आधी, ओल्यात बसू नका. अट माशांना होती, तुम्हाला नाही. राहू देत मासे."

कापड धुतल्यावर मीठ निघून गेलं. गठ्ठे फळीवर चढले. सूनबाईंनी माझ्या काचेवर पिवळी फीत चिकटवली, "आई, याच्या वर पाणी नाही हं," आणि पंपाच्या बटणाला चक्क एक टोपडं शिवलं! डॉक्टर घरी आले, त्यांनी टोपडं पाहिलं आणि शहाण्यासारखे फरशी पुसायला बसले.

आता रोज संध्याकाळी आई माझं दार उघडतात. हातात तांब्या असतोच. फितीकडे बघतात, उसासा टाकतात, आणि ते पाणी स्वतःच पिऊन टाकतात. मग काचेवरून हात फिरवत विचारतात, "बरा आहेस ना रे?"

तुम्हीही कुठे अशी टाकी पाहिलीत, तर खालचं दार जरूर उघडा, चार शब्द बोला. फक्त ओतू नका काही. पोट अर्धंच आहे माझं, पण उपाशी नाही मी.