नुसती कॉलर

"हा शर्ट आता तुम्हीच शिवा. एकोणीस वर्षं शहरात शिवणकाम केलंय तुम्ही," म्हणत शाळेच्या हेडमास्तरांनी कापड पुढं केलं, आणि तिला नाही म्हणवेना.

ते गेल्यावर थोरल्या जावेनं विचारलं, "तोंड का पडलं गं?"

"ताई, मला शर्ट येत नाही."

"मग कारखान्यात काय माशा मारत होतीस?"

"कॉलरी शिवत होते. दिवसाला चारशे. बाह्या पलीकडच्या रांगेत लागायच्या, काजं वरच्या मजल्यावर. पुरा झालेला शर्ट मी दुकानाच्या काचेतूनच पाहिला."

कारखाना बंद पडला म्हणून ती गावी परतली होती. गावाला वाटत होतं, बाई सगळं शिकून आली.

दुपारी तिनं नवऱ्याचा जुना शर्ट उसवायला घेतला. खांदा सुटला, बाही सुटली. बाहीचा माथा असा फुगीर कापतात तर! तिनं तो तुकडा उजेडात धरून कितीदा तरी फिरवून पाहिला. जोडायला गेली, तर बाही उलटी लागली.

शेवटी धीर करून ती बाजारातल्या म्हाताऱ्या शिंप्याकडं गेली.

"तुझ्यामुळं माझ्या पोटावर पाय येणार म्हणतात," तो चष्म्यावरून बघत म्हणाला.

"काका, मला बाही लावता येत नाही."

म्हाताऱ्यानं चष्मा काढून ठेवला. मग हसला. "माझी कॉलर चाळीस वर्षं दोन धुण्यांत मान टाकते. बस."

हेडमास्तरांचा शर्ट दोघांच्या हातून उतरला. वर्षभरात गावातले लोक कपड्यांसाठी शहराकडं जाईनासे झाले, काकांच्या दुकानात आणखी दोन मशिनं आली. वरच्या डोंगरातल्या वस्त्यांचं मात्र जैसे थे. तिथून शहरात कुणी गेलंच नव्हतं, तर परत येणार कोण?

एके सकाळी तिथली एक बाई दोन तास चालून दुकानात आली.

"ताई, मला कॉलर शिकवा. तेवढीच. तेवढ्यावर शहरात काम मिळतं म्हणे."

"आणि बाकीचा शर्ट?"

"तो कशाला लागतोय?"

काकांचं मशीन थांबलं. हातातली कॉलर तिनं बाजूला ठेवली, त्या बाईला आपल्या स्टुलावर बसवलं आणि तिच्यापुढं एक बाही सरकवली.