वर्षभर पुरवलेली बाटली

शाळेच्या खोलीत बाकं भिंतीला सारून आम्ही डोळे तपासतो. वर्षातून एक दिवस, फुकट. डॉक्टरीणबाई तपासतात, मी औषधं देतो. तीस वर्षं कंपाउंडर होतो. तोंडाचा फटकळ आहे, पण औषधात चूक करत नाही, अशी माझी समजूत होती.

काजं-बटणं करणारी मावशी यंदा सुनेचा हात धरून आली. गेल्या वर्षी एकटीच आली होती. गुडघा आपटला तेव्हा बाकालाच शिव्या देऊन गेली होती. तिला काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, नजर कडेकडेने विझत जाते आणि गेलेली परत येत नाही. रोज सकाळी थेंब घालायचे, जन्मभर.

तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "डावा गेला. उजवाही त्याच वाटेवर आहे."

माझं डोकं फिरलं. "मावशी, थेंब घातले नाहीत ना? आम्ही घसा कोरडा करायचा, आणि तुमचं आपलं पालथ्या घड्यावर पाणी!"

"घातले की! दर सोमवारी, न चुकता." तिने कमरेची पिशवी सोडून बाटली माझ्यापुढे ठेवली. "वर्षभर पुरवली. बघा, तळाला अजून आहे."

ती महिन्याची बाटली होती. उघडल्यावर महिन्याने फेकूनच द्यायची. मीच दिली होती, एकच. वर्षातून एकदा येणाऱ्याने एक बाटली हातावर ठेवली, तर शहाण्या बाईने काय समजायचं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पेटी उपडी केली. तीन निघाल्या. तिन्ही तिला दिल्या. "चूक माझी, मावशी. एक बाटली महिनाभरच. रोज घाला, नाहीतर उजवाही जाईल."

"आणि चौथ्या महिन्यात?"

"पाठवायची सोय बघतो."

"गेल्या वर्षी शेजारच्या म्हातारबांचा चष्मा पाठवणार होतात," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतं आठवलं म्हणून. चष्मा अजून माझ्या घरी, खणात पडला होता.

ती बोटांवर काहीतरी मोजत उठली. दाराशी जाऊन सुनेला म्हणाली, "चार दिवसांनी एकदा घालायचे. गेल्या वर्षीपेक्षा बरंच की!"

मी तिला अडवायला उठलो, आणि उपडी केलेली पेटी पुन्हा चाचपत राहिलो.