रिकाम्या गाडीचं वजन

“बाजार कोसळला!” टीव्हीवरचा निवेदक ओरडला आणि मी दचकून जिन्याकडे पाहिलं. वरून काहीच आवाज आला नाही.

“कुठला बाजार म्हनतोय त्यो?” गहिनीनाथने विचारलं. “सकाळी मी मेथीची जुडी जरा कमी करून मागितली, तं बाईनं हाकलून दिलं मला.”

“शेअरचा रे. मुंबईचा.”

“मंग पडू दे. आपलं काय जातंय त्यात?”

गहिनीनाथ उसाचा ट्रॅक्टर चालवायचा आणि मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होतो. आता दोघेही मोकळे. म्हणून तो रोज चार वाजता आमच्या घरी येतो आणि आम्ही दोघं मिळून देशाची चिंता करतो. देवळाली प्रवरातून देशाला एवढी मदत होते हे दिल्लीत कुणाला ठाऊक नसावं.

काट्यावरची एक सवय मात्र सुटली नाही. भरलेली गाडी आली की तिचं वजन करायचं. ऊस उतरवून ती रिकामी परत आली की पुन्हा करायचं. वजाबाकी झाल्याशिवाय पावती नाही. बातम्यांचंही मी तसंच करतो. निवेदकाचा आरडाओरडा वजा, मागचे ढोल वजा, आठ चौकटींत एकाच वेळी बोलणारी आठ तोंडं वजा. मग उरला तर ऊस. बहुतेक दिवशी पाचटसुद्धा उरत नाही. सोनं महागलं म्हणे. म्हणजे जे आम्ही घेणारच नव्हतो, ते आता अजिबात घेणार नाही. अर्थव्यवस्था जोरात धावते आहे असंही तो कोटवाला निवेदक सांगतो. धावत असेल बापडी, आमच्या गल्लीतून गेलेली तरी मी पाहिली नाही. त्या कोटाच्या खाली, टेबलाआड, नुसता लेंगा असतो अशी गहिनीनाथची खात्री आहे.

हल्ली मात्र माझं बातम्यांत चित्त नसतं. रिमोट हातात घेऊन नुसती बटणं दाबत राहतो. कारण वरच्या खोलीत मोझेस असतो.

मोझेस आमचा एकुलता एक. पुण्यातल्या कंपनीत संगणकाचं काम करतो. घरून काम करायची परवानगी मिळाली म्हणून सामान घेऊन आला. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालतो, खाली बर्मुडा, आणि वर जाऊन दार लावून घेतो. नोकरी लागली तेव्हा मी घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली होती. पाळकसाहेब आले, अर्धी गल्ली जेवली. तेव्हापासून रात्रीच्या जेवणाआधी प्रार्थना करताना माझं एक वाक्य ठरलेलं आहे. “पोराच्या नोकरीबद्दल, हे बापा, तुझे उपकार मानतो.” त्यावर सगळ्यात मोठा आमेन मोझेसचा असायचा. पुण्याला असताना फोनवरूनही म्हणायचा.

गेले काही आठवडे तो आमेन म्हणत नाही. ओठ हलल्यासारखे करतो, पण आवाज येतो तो माझा आणि एस्तेरचाच.

एस्तेरने, म्हणजे माझ्या बायकोने, वेगळंच काही पाहिलं होतं. “आदी चहाचा कप अर्धा तसाच यायचा खाली, साय धरलेला. म्हनायचा, मम्मी, कॉल चालू हुता. आता कप इसळून येतोय.”

“मग चांगलंच हाय की.”

“चांगलं काय त्यात? कामाच्या येळंत कप इसळायला सवड कुठनं मिळती? तुमी इचारा त्याला.”

“तूच इचार.”

आम्ही दोघांनीही विचारलं नाही. मला भीती वाटत होती, हे सरळच सांगतो. नोकरी गेली असेल तर दुसरी मिळेल, किंवा मिळणार नाही. पण घरातल्या घरात, आईबापासमोर, त्याला खोटं वागावं लागतंय याने माझा जीव खालीवर होत होता. आणि रोज ते वाक्य म्हणून त्याला कोपऱ्यात ढकलणारा मीच होतो.

टीव्हीवर नवीन चर्चा सुरू झाली. यंत्रांना म्हणे बुद्धी आली आहे आणि ती माणसांच्या नोकऱ्या खाणार आहेत. एक चष्मेवाला हसत हसत म्हणाला, सुरुवातीला काहींना झळ बसेल. मी चॅनेल बदललं.

“आवं, मागं घ्या की. आपल्या मोझेसच्याच लायनीचं चाल्लंय,” गहिनीनाथ म्हणाला. “आन त्याला खाली बोलवा जरा. माझ्या मोबाईलातून आवाजच येत न्हाई.”

“मीटिंग हाय त्याची,” मी म्हणालो. “थेट मोठ्या साहेबासंगं. मधी हाक मारलेली चालत न्हाई.”

तेवढ्यात लाईट गेली.

टीव्ही विझला, पंखा रेंगाळत थांबला आणि भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्यातला हिरवा दिवाही गेला. आम्ही दोघं त्या डब्याकडे बघत बसलो. पूर्वी लाईट गेली की मोझेस जिन्यावरून धडाधडा उतरायचा. “पप्पा, नेट गेलं!” म्हणत मोबाईल उंच धरून गच्चीत पळायचा. मी कान देऊन वाट पाहिली. वर खाट कुरकुरली. कुणीतरी कूस बदलली, बस्स.

मला वाटलं, आता हा विचारणार. गहिनीनाथने टोपी डोक्यावर ठेवली आणि उठला. दारात जाऊन चपला शोधत म्हणाला, “मोबाईलवर बी हुत्यात म्हनं आता मीटिंगा.”

“व्हय.”

“जोसेफभाऊ, माझी गाडी रिकामी झाली की मी काट्यावर यायचा कटाळा करायचो. तुमी वरडायचा, रिकामी बी आन, त्याबिगर पावती न्हाई. ध्यानात हाय ना?”

“हाय.”

“आन रिकामी आनली म्हनून तुमी कदी कुनाला नावं न्हाई ठेवली.” एवढं बोलून तो गेला.

जेवायच्या वेळेपर्यंत लाईट आलीच नाही. एस्तेरने चार्जिंगचा दिवा मधोमध ठेवून ताटं वाढली. मोझेस खाली आला. शर्ट तोच, कॉलरपर्यंत गुंड्या लावलेल्या.

“आज कॉल फारच लांबला,” कुणी काही विचारायच्या आत तो म्हणाला.

एस्तेरच्या हातातला डाव भांड्यावर वाजला. घरात दुपारपासून वीज नव्हती, हे मोझेसच्याही तेव्हाच ध्यानात आलं असावं. त्याने मान खाली घातली. मी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. अन्नाबद्दल उपकार मानले, आजच्या दिवसाबद्दल मानले. मग ते ठरलेलं वाक्य आलं आणि माझी जीभ अडली. शेजारी मोझेसचा श्वास ऐकू येत होता.

“आणि हे बापा,” मी म्हणालो, “आमचा मोझेस आमच्यापाशी घरी आहे, त्याबद्दल तुझे उपकार मानतो. नोकरी असो, नसो. आमेन.”

एस्तेर आमेन म्हणाली. मी डोळे उघडले नाहीत.

“आमेन,” मोझेस म्हणाला. आवाज चिरकला, पण शेजारी ऐकू जाईल एवढा मोठा होता.

“पप्पा, मी...”

“आधी जेव.”

त्याने शर्टाची वरची गुंडी सोडली, मग दुसरी सोडली. एवढ्यात लाईट आली. टीव्ही आपोआप सुरू झाला आणि कोटवाला काहीतरी कोसळल्याचं ओरडून सांगू लागला. रिमोट माझ्या मांडीशीच होता, पण कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. मोझेस भाकरी कुस्करत होता, आणि एस्तेरने त्याला न विचारता दुसरी वाढली.